दिवेवाल्याची अंधारयात्रा

तमाम जनतेस या जाहीर निवेदनाद्वारे अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, बारामती शहरातील एक प्रतिष्ठित नागरिक, वय वर्षे बावन्न, वजन सांगण्यासारखे नाही, हा ऐन उन्हाळ्यात तीन दिवस व तीन रात्री आपल्या तालुक्याची हद्द ओलांडून शेजारच्या इंदापूर तालुक्यात गेला होता. तो सुखरूप परत आलेला असून येताना त्याने सोबत एक आकाशगंगा आणली आहे. कोणाची हरकत असल्यास दुकानाच्या वेळेत समक्ष भेटावे.

तो नागरिक म्हणजे मी.

बारामतीत माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. वायर, बटणं, पंखे, आणि मुख्य म्हणजे दिवे. उजेड विकणं हा माझा धंदा. आणि गेल्या चार वर्षांपासून अंधार शोधणं हा माझा छंद. हा छंद लागला त्या रात्री गावातली लाईट गेली होती आणि आमच्या घरचा इन्व्हर्टर दुरुस्तीला माझ्याच दुकानात पडला होता. बायकोची, म्हणजे मंगलची, बोलणी चुकवायला मी परसात जाऊन उभा राहिलो, मान वर केली, आणि खाली करायची विसरलो. एवढे तारे आपल्या पपईच्या झाडावर रोज असतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं!

तेव्हापासून परसातली कपडे वाळत घालायची तार आणि ते पपईचं झाड यांच्या मधल्या चार हात आभाळावर माझा कब्जा आहे. जुना कॅमेरा आणि तिपाई घेतली. चंद्राचे खड्डे काढले, गुरूचे उपग्रह काढले, सप्तर्षी काढले. सप्तर्षींच्या एका फोटोत शेपटाला आमच्या मंगलचा परकर लोंबतोय, पण बाकी फोटो उत्तम आहे. राहिली फक्त आकाशगंगा. उन्हाळ्यात मध्यरात्रीनंतर ती आग्नेयेकडून वर चढते, धुरकट, रुंद, नदीसारखी. म्हणे. बारामतीतून मला तिचा काठसुद्धा दिसला नाही. कारण आग्नेयेला शेजाऱ्यांची गच्ची, गच्चीवर शंभर वॉटचा फोकस, आणि फोकसवर माझ्याच दुकानाचा स्टिकर.

एका रात्री मी परसात उभा राहून त्या फोकसला नावं ठेवत होतो, तेव्हा मंगल म्हणाली, "अहो, मग माझ्या माहेरी चला की. यंदा देऊळ वर आलंय."

तिचं माहेर पळसदेव. जुनं गाव उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि लोक वर नव्या जागी येऊन राहिले. जुन्या गावातलं दगडी देऊळ मात्र पाण्यातच उभं आहे. एरवी फक्त शिखर दिसतं. एखाद्या कडक उन्हाळ्यात पाणी इतकं ओसरतं की अख्खं देऊळ पायऱ्यांसकट कोरडं पडतं, लोक चालत जाऊन दर्शन घेतात, आणि काही आठवड्यांत पाणी परत येऊन सगळं झाकून टाकतं. त्या देवळाच्या कळसामागून उगवणारी आकाशगंगा! असा फोटो जमला तर परसातले परकर धुऊन निघतील, असं मला वाटलं.

पण खरं सांगतो, माझ्या मनात दुसरंच होतं. माझे सासरे, आबा. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. लेकीला दहा एकर बागायतीचं घर बघायचं त्यांच्या मनात होतं, पदरी पडला दिवेवाला. सव्वीस वर्षांत त्यांनी मला "जावई" अशी हाक मारलेली नाही. तोंडावर "पाव्हणं", आणि मागं "बल्बवालं". आबांनी एकदा तरी म्हणावं की हा माणूस आमचा आहे, एवढीच माझी आकाशगंगा होती.

भवानीनगर

अवसेला दोन दिवस होते. मी कॅमेरा घेतला, मंगलने डबा घेतला आणि आम्ही निघालो. भवानीनगरला कारखान्याचा हंगाम संपलेला, त्यामुळे रस्ता उसाच्या ट्रेलरांवाचून पोरका दिसत होता. हवेत मळीचा जुना आंबूस वास तेवढा उरला होता. रस्त्याकडेला शौकतभाई तांबोळींचं टायरचं दुकान आहे, माझं वीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्यांनी गाडी ओळखून हात केला आणि उसाचा रस मागवला.

"काय शेठ, आज जोडीनं? कुठं दौरा?"

"आकाशगंगेचा फोटो काढायचाय. अंधार शोधतोय."

शौकतभाईंनी क्षणभर विचार केला. मग दुकानावर लावलेल्या फोकसकडे बोट केलं. "मंग लांब कशाला जाता? ऱ्हावा हितंच. तुमी दिल्याला फोकस वर करून लावतो. लख्ख दिसंल तुमाला ती गंगा."

मंगल रस पिता पिता ठसकली. मी शौकतभाईंना आकाशाचं शास्त्र समजावून सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी तुमी उजेड इकून पोट भरायचं, आन् अंधारात जाऊन मजा करायची. झ्याक हाय!"

नरसिंहपूर

पहिली रात्र नरसिंहपूरला काढली. भीमा आणि नीरा इथे भेटतात. उन्हाळ्यात दोघी इतक्या रोडावल्या होत्या की आजारपणातून उठलेल्या बहिणी भेटाव्यात तशा भेटत होत्या. देवदर्शन झालं, घाटाच्या पायऱ्यांवर बसून मंगलच्या डब्यातली दशमी आणि शेंगदाण्याची चटणी झाली, आणि मी तिपाई मांडली. दर्शनाला आलेलं एक कुटुंब जवळच पथाऱ्या पसरत होतं. त्यातल्या बाईंनी विचारलं, "बिबट्याचा फोटू काढताय व्हय?"

"नाही हो, आभाळाचा."

"आगं बया! आन् आभाळ कुठं पळून चाललंय?"

मी प्रश्नाकडे दुर्लक्ष केलं आणि कामाला लागलो. वीस वीस सेकंद शटर उघडं ठेवून मी तब्बल चाळीस फोटो काढले. चाळीसही फोटो एकदम काळेभोर आले. बॅटरी बघितली, बटणं बघितली, कॅमेऱ्याच्या कंपनीला दोन शेलके शब्द वाहिले. शेवटी मंगलने चादरीतून हात बाहेर काढला आणि लेन्सवरचं टोपण काढून माझ्या हातात दिलं.

"हे ठेवू का डब्यात?" एवढंच म्हणाली. तोवर पूर्वेकडून ढग आले होते. काळोखाचे असे निर्भेळ फोटो पुणे जिल्ह्यात दुसऱ्या कुणाकडे असतील असं मला वाटत नाही.

पळसदेव, पहिली रात्र

सासरवाडीत शिरताच पायावर पाणी, डोळ्यांना पाणी, ताटात धरणातली तळलेली चिलापी मासळी. आमच्या बारामतीत पाहुण्याला "अजून वाढू का?" एकदा विचारतात आणि तो नको म्हणाला की विश्वास ठेवतात. पळसदेवात विचारतच नाहीत. माझ्या सासूबाई, त्यांना सगळे आक्का म्हणतात, माझ्या पाठीमागून येऊन वाढतात. बेसावध माणसाला गाठायची ही पद्धत मी फक्त त्यांच्याकडे पाहिली.

आबा लिंबाखाली बाजेवर बसले होते. "आलं का पाव्हणं," म्हणाले आणि पुन्हा रस्त्याकडे बघू लागले. झालं स्वागत.

अंधार पडल्यावर मी एकटाच खाली उतरलो. धरणाचा तळ वाळून भेगाळला होता, पायाखाली शिंपले कुरकुरत होते. देऊळ समोर आलं आणि मी नकळत चपला काढल्या. इतकी वर्षं पाण्यात राहून ते कुठं झिजल्यासारखं दिसत नव्हतं. उलट आत्ताच न्हाऊन बाहेर आल्यासारखं वाटत होतं.

आता अडचण ऐका. कळसामागे आकाशगंगा हवी तर आग्नेयेकडे तोंड करायला हवं. म्हणजे देवळाच्या पलीकडे जायचं आणि गावाकडे बघत उभं राहायचं. तसा उभा राहिलो, आणि देवळाच्या बरोब्बर मागे माझ्या सासरवाडीची अख्खी वस्ती झगमगत होती! घरटी एक फोकस. बिबट्याच्या भीतीने सगळे रात्रभर लावून ठेवतात. मी मोजले, चौदा. चौदाच्या चौदा माझ्या दुकानातले. सासरवाडी म्हणून मी स्वतः निवडून, पारखून, सगळ्यात जास्त उजेडाचे दिले होते. बदलून द्यायची हमीसुद्धा लिहून दिली होती. एकही बिघडलेला नव्हता. धंद्यातल्या सचोटीचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

तरी चिकाटीने शटर उघडलं. तेवढ्यात मागून फाटफाट फाटफाट आवाज आला आणि माझी सावली देवळाच्या शिखरावर जाऊन चढली. ट्रॅक्टर! हेडलाईट, टपावर दिव्यांची पट्टी, आणि स्टिअरिंगवर माझा मेहुणा बाळू.

"दाजी! अंधारात कसं काय बसलाय? आक्का म्हणली, जावई काळोखात हायत, आदी उजेड न्या!"

टपावरची पट्टीही माझ्याच दुकानातली होती. फोटो आला तो असा की देवळाचं लग्न लागलंय आणि वरात दारात आलीय. आकाश पांढरं. तारा एकही नाही. एका कोपऱ्यात हात वर करून ओरडणारा मी.

पळसदेव, अवस

सकाळी चहाच्या वेळी आबांनी विचारलं, "काय घावलं का रातच्याला?"

मी ओशाळून कॅमेरा पुढे केला. माझी फजिती बघून ते हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. बराच वेळ तो पांढराफटक फोटो बघत राहिले. मग देवळाच्या पायऱ्यांच्या डावीकडे, जिथे फोटोत नुसती माती होती, तिथे नख टेकवलं.

"हितं आमचं घर हुतं."

मंगलने माझ्याकडे बघितलं. देऊळ वर आल्यापासून अख्खा तालुका बघून गेला, पण आबा एकदाही खाली उतरले नव्हते, हे मला तिने वाटेत सांगितलं होतं.

"तुमी हुबं चुकीच्या जागी ऱ्हायलाय पाव्हणं," आबा म्हणाले. "अजून शंभर पावलं माघारी जावा. तितं आमचं रान हुतं. चैतातल्या अवसेला मी तितनं इंचू बघायचो. मध्यान रात उलटली की इंचवाची नांगी बरोबर कळसावर येती. ती आली की पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवायचं. आमच्या आळीत लाईट आलीच न्हाय. लाईटीच्या आदी पाणी आलं."

मी गुपचूप मोबाईल काढला. त्यात आकाश दाखवणारं ॲप आहे. शंभर पावलं मागे, आजची तारीख, आणि वृश्चिकाची नांगी कळसाच्या दिशेला कधी येते ते बघितलं. बारा वाजून पन्नास मिनिटं. आकाशगंगेचा सगळ्यात तेजस्वी भाग त्या नांगीला लागूनच असतो. माझी चार वर्षांची तयारी या माणसाला विशीत, हातात खोरं घेऊन, तोंडपाठ होती.

"आबा, पण वस्तीतले दिवे?"

"ते माझ्यावर सोडा."

संध्याकाळी दूध घालायला सगळी वस्ती डेअरीवर जमते. आबा किटलीशिवाय तिथे गेले, म्हणजे काहीतरी गंभीर असणार हे लोकांनी ताडलं. मी मागे उभा होतो.

"आज रातच्याला बारा पंचेचाळीसला समद्यांनी फोकस घालवायचं. पंधरा मिनटं."

"का म्हून, आबा?"

"पाव्हण्यांचं काम हाय." पुन्हा पाव्हणं! काम माझं, पण मी अजून परकाच.

"आन् पंधरा मिनटांत बिबट्या आला म्हंजी?" एकाने विचारलं.

"त्याला म्हणावं दम खा, आबानं सांगितलंय."

लोक हसले, पण मान डोलावली. विरोधी पक्ष घरातच होता. आक्कांनी उंबऱ्यावर बैठक मारली. "अवसेच्या राती जावयाला पाण्याकडं धाडायचं? जनाची न्हाय तर मनाची तरी! लेकीला काय सांगू?" लेक शेजारी बसून कुरडया खात होती आणि तिला काहीही सांगण्याची गरज नव्हती. मी म्हणालो, आक्का, चंद्र नसला तरच तारे दिसतात, अवसेशिवाय हे काम होत नाही. "म्हंजी जाणूनबुजून अवस धरली?" आक्का आणखीच हादरल्या. शेवटी मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, माझ्या एका खिशात लिंबू घातलं, दुसऱ्या खिशातही लिंबू घातलं, आमरसाची चौथी वाटी पाजली, आणि कसंबसं सोडलं. चौथ्या वाटीनंतर मध्यरात्रीपर्यंत जागं राहणं हा माझ्या खगोल अभ्यासातला सर्वात खडतर भाग होता हे नम्रपणे नमूद करतो.

आबा माझ्याबरोबर आले. काठी टेकत. देवळाच्या पायऱ्यांपाशी थांबले, डावीकडे दहा पावलं गेले, टाचेने माती दोनदा ठोकली. "हितं," एवढंच म्हणाले. मी तिपाई खांद्यावर घेऊन दूर उभा राहिलो. मग आम्ही शंभर पावलं मागे गेलो, त्यांच्या रानात. रान कसलं, भेगाळलेला गाळ. पण ते बांध ओलांडावा तसा पाय उचलून आत शिरले.

बारा पंचेचाळीस. देवळामागची वस्ती विझायला लागली. एक, दोन, पाच, नऊ. एखादी म्हातारी डोळे मिटत जावी तसे फोकस मिटत गेले. हायवेचा पिवळा उजेड खाली राहिला, तो आपल्या हातात नव्हता. तेरा गेले.

चौदावा जाईना.

कळसाला चिकटून एक दिवा ढणाढणा जळत होता. आबांनी डोळे बारीक केले. "हे कुणाचं बेणं?"

तो फोकस मी ओळखला होता. दीडशे वॉट, दुकानातला सगळ्यात मोठा, गेल्या दिवाळीला मीच भेट दिलेला. आबांच्याच अंगणातला.

आबांनी फोन लावला. रात्रीच्या शांततेत पलीकडचा आवाज मलाही स्वच्छ ऐकू येत होता.

"आगं, घालीव की ती लाईट!"

"न्हाय घालवायची. अवस हाय. जावई अंधारात हायत."

"समदी वस्ती थांबलीया! नांगी वर येतीया!"

"यिऊंद्या न्हायतर जाऊंद्या. तुमी त्यांचा हात धरलाय का?"

"हात कशाला धरू? ल्हान पोर हाय का ते?"

"मंग लाईट ऱ्हाऊ द्या."

घड्याळात बारा एकोणपन्नास. विंचवाची नांगी कळसाकडे सरकत होती. पाणी परत आलं की देऊळ जाणार, पंधरा मिनिटं संपली की वस्ती पेटणार. मी आबांकडे बघितलं, आबांनी देवळाकडे.

"धरलाय, धरलाय!" आबा फोनमध्ये ओरडले.

"खोटं. जावयांकडं द्या फोन."

आबांनी फोन माझ्या कानाला लावला. आक्का म्हणाल्या, "जावईबापू, देवाशपथ सांगा. धरलाय का?" आता देवळासमोर उभं राहून खोटं कसं बोलायचं? सव्वीस वर्षांत आमचे हात लागले होते ते एकदाच, कन्यादानाला, आणि तेव्हाही मध्ये पाणी होतं. आबांनी एक मोठा श्वास सोडला, काठी बगलेत मारली, आणि माझं डावं मनगट घट्ट पकडलं.

"धरलाय, आक्का," मी म्हणालो.

चौदावा दिवा गेला.

आणि मग, मंडळी, ती आली. कळसामागून, विंचवाच्या नांगीपासून वर, डोक्यावरून पार पलीकडे. धुरकट वगैरे काही नाही. दळताना जात्याभोवती पीठ पडावं तसं आभाळभर तारे पडले होते. मी उजव्या हाताने शटर दाबलं. वीस सेकंद. पुन्हा वीस सेकंद. आम्ही दोघे श्वास रोखून उभे. आबांचा हात खरखरीत आणि कोरडा होता. पंधरा मिनिटं झाली, वस्तीतले दिवे एकेक करून परत लागले, तरी त्यांनी हात सोडला नाही. मी आठवण करून दिली नाही.

कॅमेऱ्याच्या मागच्या चौकोनात फोटो बघून ते म्हणाले, "इंचू आलाय." दुसरं काही नाही. वाटेत काही नाही, निघतानाही काही नाही. "या पाव्हणं," म्हणाले आणि रस्त्याकडे बघू लागले.

पुन्हा बारामती

फोटो मी मोठा करून, चौकट घालून गल्ल्याच्या वर लावला आहे. फोटो उत्तम आहे. हे मी स्वतः सांगतोय, कारण विनय हा माझ्या दुकानात मिळणारा माल नाही. देऊळ काळं, निश्चल, वर विंचू, विंचवातून उसळलेली आकाशगंगा, आणि पायऱ्यांच्या डावीकडे थोडी मोकळी माती, जिच्याकडे गिऱ्हाइकांचं लक्ष जात नाही.

तीनेक आठवड्यांनी एका दुपारी दुकानासमोर एस.टी.तून आलेला माणूस उभा दिसला. आबा. सव्वीस वर्षांत त्यांनी माझ्या दुकानाची पायरी चढली नव्हती. आत आले, फोटोखालची खुर्ची ओढून बसले, चहा नको म्हणाले. मंगलला भेटायला आलोय, म्हणाले. मंगल घरी असते, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

तेवढ्यात भवानीनगरचे शौकतभाई आले. त्यांनी फोटो बघितला, दोन्ही हात जोडले. "घावली व्हय गंगा तुमाला!" आणि मग कामाचं बोलले, "शेठ, दुकानामागं अंधार पडतोय. तो दोनशेवाला फोकस काढा एक."

मी खोक्याकडे हात नेला. खुर्ची करकरली. आबा उभे राहिले होते, काठी वर फोटोकडे रोखलेली, आणि आवाज असा की रस्त्यावरचे दोन लोक थांबले:

"दोनशेचा न्हाय मिळायचा! बारका न्यायचा आसंल तर न्या, न्हायतर चाला! एवढा उजेड केल्यावर आमच्या जावयाचं आभाळ दिसायचं कसं?"